योगराजचा पुकारा

६ जानेवारी २०२५

दाखल झाला एकदाचा! भुसावळच्या कोर्टात दावा नंबरी पडला. मोहिनी योगराज गिरासे विरुद्ध कुंदाबाई धनसिंग गिरासे. सून वादी, सासू प्रतिवादी. मागणी एकच — माझा नवरा मेला आहे असं कोर्टानं जाहीर करावं.

मोहिनी दीपनगरच्या बाजूला राहते, अंगणवाडीत सेविका आहे. नवरा योगराज वीज केंद्रात ठेकेदाराकडे फिटर होता. नऊ वर्षांपूर्वी सकाळच्या पाळीला म्हणून निघाला, तो गेटवर पोचलाच नाही. भांडण नाही, आजार नाही. डबाही नेला होता. पोलिसात दिलं, नातेवाइकांकडे फिरून झालं, दवाखाने, देवस्थानं. काही नाही. सात वर्षं एखाद्या माणसाची खबर ज्यांना लागायला हवी त्यांनाही लागली नाही, तर कायदा त्याला मेलेला धरतो. पण धरायलाही कुणीतरी मागावं लागतं. सासूला प्रतिवादी करावंच लागलं — ती वारस.

गंमत अशी की प्रतिवादी वादीबरोबरच आली. एकाच रिक्षातून! मोहिनीची पिशवी कुंदाबाईंच्या मांडीवर. मी म्हटलं, अगं, यांना आज कशाला? समन्स जाईल ना घरी. तर मोहिनी म्हणते, "त्यांना एकट्यांना घरी करमत नाही."

कुंदाबाई शिंदखेड्याकडच्या, तोंडात अस्सल अहिराणी. माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. मग रागानं नाही, नुसतं विचारल्यासारखं —

"तू मना आंडोरले मारी राहिनी का वं, वकीलबाई?"

माझ्या मुलाला मारते आहेस का. इतकी वर्षं एकटीनं वकिली करते आहे, नाही नाही ते ऐकून घेतलं. हे मात्र पहिल्यांदाच. गळ्याचा पांढरा बँड सोडून पर्समध्ये टाकला आणि म्हटलं, चहा घ्या.


९ जानेवारी

थंडी. इथे जळगावला पिंप्राळ्यात सगळीकडे वांगी भाजल्याचा वास. ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली, त्यामुळे शेजारच्यांचं भरीत माझ्या फायलींपर्यंत येतं. दिवसभर काम झालं नाही. खिडकीतून धूर बघत बसले.


२८ जानेवारी

रतिलालभाऊंनी कुंदाबाईंचं वकीलपत्र घेतलं. बरं झालं, भला माणूस आहे. बाररूममध्ये शेजारी बसून म्हणाले, "सुलक्षणा, माझ्या अशिलाची कैफियत एका ओळीची आहे. मुलगा जिवंत आहे. येतो."

"येतो म्हणजे? कुठे येतो?"

"घरी. दुपारचा."

दोघंही हसलो. समोर हिवाळ्याचं ऊन पडलं होतं, त्यात लोक आपापल्या पुकाऱ्याची वाट बघत बसलेले. कोर्टात वाट बघणाऱ्या माणसांचे चेहरे सगळे सारखेच होतात. जणू झोपेतच आहेत आणि कुणी नाव घेतलं की जागी होणार.


१५ फेब्रुवारी

मोहिनीच्या घरी जाऊन आले. एकदा अशिलाचं घर बघितलं की दावा वेगळाच दिसतो, ही मला नानांची शिकवण. नाना म्हणजे माझे सीनियर. ते गेल्यावर सगळे म्हणाले, कुणाच्या तरी ऑफिसात शिर, बाईमाणूस एकटी किती टिकशील? टिकले.

रस्त्याला दोन्हीकडे केळी. घड झाकलेले, पानं वाऱ्यानं फाटलेली, आणि त्या हिरव्याच्या वर वीज केंद्राच्या चिमण्या. वाफ इतकी संथ वर जात होती की ढग तिथेच तयार होतात असं वाटावं. त्या भागात एक घरघर सतत ऐकू येते. थोड्या वेळानं ती ऐकू येईनाशी होते — म्हणजे ती असतेच, आपणच तिच्या आत जातो. मला तर रिक्षातच झापड आली.

मोहिनी अंगणवाडीतून यायची होती. कामिनी, तिची मुलगी, शाळेत. नववीला आहे. कुंदाबाई एकट्याच. मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. विरुद्ध पक्षाशी बोलू नये हे मला कळतं. पण पाणी कसं नाकारायचं? आणि त्यांनी विषय काढला तर कान कसे बंद करायचे?

"तो येस," त्या म्हणाल्या. "दुपारना येस. बठ्ठं घर शांत ऱ्हास तवय."

सगळं घर शांत असतं तेव्हा. मी पेला खाली ठेवला.

"बारीक व्हयी गया. केस बी पिकी गयात. माले इचारस — माय, जेवनी का? कामिनी कितवीले शे, इचारस. मोहिनीनं इचारस नही."

"का नाही विचारत?"

"लाज वाटस तेले."

इतकं साधं सांगत होत्या! उंबऱ्यावर ऊन होतं. बाहेर ती घरघर. मला क्षणभर खरंच वाटलं, खाटेच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी आत्ताच उठून गेलंय.

मोहिनी आली, तिला अंदाज आलाच. मला रिक्षापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "दुपारी बोलतात त्या त्याच्याशी. शेजारणींनी ऐकलंय. आधी मी समजवायचे. आता नाही. त्यांना तेवढंच राहिलंय."

"आणि तुला?"

ती हसली फक्त.


१६ फेब्रुवारी

धुळ्याला वडिलांकडे, आबांकडे. भाऊ नवल आणि वहिनी लग्नाला गेले होते, म्हणून आम्ही दोघंच. आबा आयुष्यभर कोर्टाचे बेलीफ, गावोगाव समन्स घेऊन फिरलेले. सायकल, खांद्याला पिशवी. आता गच्चीवर ऊन खात बसतात. मी त्यांना हा दावा सांगितला, नावं न घेता.

म्हणाले, "आपण गावात शिरलो की कुत्री भुंकायच्या आधी लोकांना कळायचं. मला सगळ्यात आवडायचं ते गावाबाहेरचं शेवटचं झाड. तिथं मी डबा खायचो. कागद पिशवीत असायचा, कुणाच्या तरी घरची उलथापालथ, आणि मी आपला निवांत. पाखरं ऐकत."

एवढं बोलून ते झोपून गेले, खुर्चीतच. मीही चटईवर. दोघांची झोप एकाच उन्हात! कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं.


११ मार्च

कोर्टानं जाहीर नोटीस द्यायला सांगितली. वर्तमानपत्रात. मसुदा माझा. नेहमीचा साचा आहे, डोळे मिटून लिहिता येतो — तमाम लोकांस कळविण्यात येते की. पण आज हात अडला. या वाक्यांत मी खरं तर त्याच्याशीच बोलते आहे. योगराज धनसिंग गिरासे, वय अमुक, उंची मध्यम, रंग सावळा, उजव्या भुवईवर खूण. आपण स्वतः अगर आपल्याबाबत माहिती असणाऱ्या कोणीही हजर व्हावे.

आपण स्वतः!

कुठेतरी चहाच्या गाडीवर भजी बांधलेल्या कागदावर हे त्यानं वाचलं तर? काय वाटेल माणसाला — इतकी मोठी छापील हाक?


२ एप्रिल

नोटीस छापून आली. कुणी आलं नाही. कुणी येत नसतंच.


८ एप्रिल

उन्हाळा सुरू झाला आणि माझा काळा कोट म्हणजे भट्टी. भुसावळहून परतीची पॅसेंजर, खिडकीतून गरम वारा. डोळा लागला आणि तो समोर येऊन बसला. योगराज. मी त्याचा फक्त फायलीतला फोटो बघितलाय, पण तोच. केस ओले, जणू विहिरीवरून आलाय. डबा मांडीवर.

"वकीलबाई, माझी तारीख कोणती पडली?"

मी म्हणते, तुमची नाही, तुमच्या बायकोची आहे. तो म्हणतो, "तेच ते." मग खिडकीबाहेर केळीच्या बागा मागं मागं जातात आणि त्या बागांतून लोक चाललेत, रांगेनं, सगळे कुठून तरी निघून गेलेले. कुणी घाईत नाही. तो म्हणतो, "आम्हाला कुणी हाक मारली की पाय थांबतात बघा. पण वळता येत नाही."

जाग आली तर जळगाव आलेलं! धावत उतरले. घरी आल्यावर आंब्याच्या फोडी खाल्ल्या आणि हे लिहिते आहे. असल्या गोष्टी कोर्टाच्या रोजनाम्यात येत नाहीत. तिथे फक्त — उभय पक्ष हजर, दावा तहकूब.


१७ एप्रिल

मोहिनी एकटी आली. कधी नव्हे ते एकटी. बसली, पदराशी खेळली, मग म्हणाली, "ताई, एक सांगायचं राहिलं."

हितेंद्र. भुसावळला मोटारी रिवाइंड करण्याचं दुकान आहे त्याचं. बायको आजारानं गेली. अंगणवाडीची पाण्याची मोटर जळाली होती, ती दुरुस्त करायला आला होता. मग पुन्हा आला. मोटर ठीक होती तरी आला!

मी जरा चिडलेच. "हे आधी का नाही सांगितलंस?"

"दावा बिघडेल वाटलं. लोक म्हणतील, दुसरा करायचाय म्हणून पहिल्याला मारते."

"आणि तसं नाही?"

तिनं सरळ माझ्याकडे बघितलं. "नऊ वर्षं मी दार लोटून झोपले ताई, कडी न घालता. तो रात्री-अपरात्री आला तर त्याला ठोठावावं लागू नये म्हणून. गेल्या दिवाळीपासून कडी घालायला लागले. पहिल्या दिवशी कडी घातली तेव्हा मला कळलं, माझ्यापुरता तो मेला. आता कोर्टानं सांगायचं."

मी विचारलं, सासूबाईंना माहीत आहे? म्हणाली, नाही. निदान मी सांगितलेलं नाही. आमच्यात बाईचं दुसरं लग्न होत नाही, ताई. गावाकडचे तर मला उभं करणार नाहीत. पण गावाचं मला काही नाही. आईंचं आहे.

कामिनी काय म्हणते? तर तिला एकदा मैत्रिणीनं विचारलं, तुझे बाबा काय करतात. घरी येऊन म्हणाली, "मला बाबा हवेत किंवा नकोत, पण एक काहीतरी हवं."

मोहिनी गेल्यावर मी तिची फाईल बांधून ठेवली. मला कुणी नव्हतं असं नाही. एक होता, कॉलेजात, चांगला होता. नाशिकला गेला. मी त्याला निरोप दिला आणि घरी येऊन दुसऱ्याच दिवशीच्या तारखेची तयारी केली. मी कधीच कुणासाठी दार लोटून झोपले नाही. वाईट वाटलं असं नाही. नुसतं वाटत राहिलं.


९ मे

सुट्टी लागायच्या आत साक्ष व्हावी म्हणून धडपड. नाही झाली. तारीख थेट जूनमध्ये. मोहिनी म्हणाली, हितेंद्रची थोरली बहीण धीर सोडते आहे, दुसरी मुलगी बघू म्हणते. "तो काय म्हणतो?" — "तो म्हणतो, मी मोटारी दुरुस्त करणारा माणूस आहे, मला थांबायची सवय आहे."

हा माणूस मला न बघताच आवडला.


१९ जून

मोहिनीची साक्ष. तिचं शपथपत्र चांगलं, तीही चांगली. रतिलालभाऊ उलटतपासाला उठले. हळू बोलतात, म्हणूनच धोकादायक. शेवटी एकच प्रश्न राखून ठेवला होता त्यांनी.

"बाई, तुमच्या गळ्यात काय आहे?"

"मंगळसूत्र."

"कपाळावर?"

"टिकली."

"तुमचा नवरा मेला असं तुम्ही शपथेवर सांगता. मग हे कोणासाठी?"

हा प्रश्न मी तिच्याकडून तयार करून घेतला नव्हता. चूक माझी. मोहिनीनं साक्षीदाराच्या कठड्यातून मागं बघितलं, शेवटच्या बाकाकडे. तिथे कुंदाबाई, मांडीवर तिची पिशवी.

"आईंसाठी," ती म्हणाली. "मोकळा गळा बघितला तर त्यांना त्रास होईल. म्हणून."

रतिलालभाऊ खाली बसले. न्यायाधीश तरुण आहेत, विदर्भातले, फार बोलत नाहीत. त्यांनी टायपिस्टला सांगितलं, जसंच्या तसं घ्या.

बाहेर आलो तर कुंदाबाई पायरीवर बसलेल्या. मोहिनीनं हात पुढं केला. त्यांनी धरला नाही. स्वतःच उठल्या. रिक्षात एकमेकींकडे पाठ करून बसल्या दोघी — तेवढ्याशा जागेत!


२० जून

काल झोपेत घरघर ऐकू येत होती. पिंप्राळ्यात! सकाळी बघितलं तर फ्रिज.


७ जुलै

मोहिनीचा फोन. घरात बोलणं बंद आहे. म्हणजे कुंदाबाई बोलत नाहीत, तिच्याशीही नाही, दुपारीही नाही. शेजारणी म्हणतात, आता आवाज येत नाही.

आणि काल भांडण झालं. पहिलं. मोहिनी म्हणाली, "मी ओरडले त्यांच्यावर. तुमचा मुलगा रोज येतो तर मला का दिसत नाही? माझं काय चुकलं? मला एकदा तरी दिसू द्या ना! मी काय केलं त्याचं?"

"त्या काय म्हणाल्या?"

"रडल्या. मी त्यांना नऊ वर्षांत कधी रडताना बघितलं नव्हतं, ताई. तो गेला तेव्हासुद्धा नाही. म्हणाल्या, तुन्हं काहीच चुकनं नही. तुन्हं काहीच चुकनं नही. तेवढंच. पुन्हा पुन्हा."

मी फोन ठेवला. मग उगाच ऑफिसातल्या सगळ्या खुर्च्या पुसल्या.


१८ जुलै

अजब! कुंदाबाईंनी हितेंद्रला जेवायला बोलावलं. नाव कसं कळलं, मोहिनीला ठाऊक नाही. सकाळी चूल सारवल्यासारखं गॅसची शेगडी घासली आणि म्हणाल्या, "त्या मोटरवालाले सांग, जेवाले ये."

कळण्याची भाकरी, शेवेची भाजी, वर तळलेली मिरची. हितेंद्र खाली मान घालून जेवला. कुंदाबाई समोर बसून वाढत होत्या आणि बघत होत्या. त्याचं जेवण होईपर्यंत एक शब्द नाही. हात धुवायला उठला तेव्हा विचारलं, "तू कुठं जाताना सांगीसन जास का?" — कुठे जाताना सांगून जातोस का.

तो म्हणाला, "हो मावशी. दुकानातून घरी निघालो तरी फोन करतो. सवय आहे."

"बरं शे," त्या म्हणाल्या.

मोहिनी हे सांगताना हसत होती आणि नाक पुसत होती. मला ऐकताना त्या स्वयंपाकघरातलं ऊन दिसत होतं. कधी कधी वाटतं, मी वकील नाही, लोकांच्या दुपारींत नुसती फिरते.


५ ऑगस्ट

आज लिहायलाच हवं, नीट.

सकाळी रतिलालभाऊंचा फोन. "माझं अशील शपथपत्रावर अंगठा देत नाही. म्हणते कोर्टातच बोलेन." मी म्हटलं, काय बोलणार? म्हणाले, मला सांगत नाही. तुझ्याइतकाच अंधारात आहे मी.

मला वाटलं, झालं. त्या उभ्या राहणार आणि सांगणार — तो येतो, जेवलीस का विचारतो. न्यायाधीश म्हणणार, आईला खबर लागते आहे म्हणते बाई, मग मेला कसा धरू? मी रात्रभर नाही, पण गाडीत बसल्यापासून युक्तिवाद जुळवत होते. स्वप्न म्हणजे खबर नव्हे. आईची आशा म्हणजे पुरावा नव्हे. वाक्यं चांगली होती. आणि प्रत्येक वाक्याची मला लाज वाटत होती.

पुकारा झाला. कुंदाबाई कठड्यात गेल्या. हिरवं लुगडं, नाकात नथनी. शपथ घेतली. न्यायाधीशांना अहिराणी अर्धवट कळते, म्हणून शेजारी कारकून मराठीत सांगत होता. साहेबांनी स्वतःच विचारलं, "आजी, मुलगा घरातून गेल्यावर त्याची काही खबर?"

मी पेन उचललं.

"नही साहेब," त्या म्हणाल्या. "माले काहीच खबर नही. ना फोन, ना चिठ्ठी, ना निरोप."

रतिलालभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे.

"पण तुमच्या कैफियतीत लिहिलंय की तो जिवंत आहे, घरी येतो," साहेब म्हणाले.

कुंदाबाईंनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. बघत होत्या मोहिनीकडे, फक्त मोहिनीकडे.

"म्हातारीनं सपन व्हतं ते. सपन खरं ऱ्हास का, साहेब? मना आंडोर नही आते. तो राहता तर ह्या पोरनं असं व्हऊ देता नही."

तो असता तर या पोरीचं असं होऊ दिलं नसतं. कारकुनानं भाषांतर करायला तोंड उघडलं आणि साहेबांनी हातानं थांबवलं. कळलं, म्हणाले.

"उलटतपास?" मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

बाहेर आलो तेव्हा आभाळ भरून होतं, उजेड पिवळा. त्या उजेडात दोघी आल्या तशा निघाल्या. या वेळी मोहिनीनं पिशवी स्वतः घेतली आणि कुंदाबाईंनी तिचा दंड धरला. बराच वेळ रिक्षा मिळाली नाही. मी लांबून बघत उभी. एक आई आपल्या पोटच्या मुलाला सोडून देते आणि लोक शेजारून केळी, लोणचं, पाणी विकत जातात.

रतिलालभाऊ म्हणाले, "चाळीस वर्षं वकिली केली. इतकं सुंदर हरलो नव्हतो."


१२ सप्टेंबर

दावा मंजूर.

निकाल वाचला. योगराज धनसिंग गिरासे मृत झाला असे जाहीर करण्यात येते. मृत्यूची तारीख? नेमकी कोणाला ठाऊक नसते तेव्हा दावा दाखल झाला तो दिवस धरतात. म्हणजे सहा जानेवारी. म्हणजे मी वर्दळीतून वाट काढत खिडकीशी गेले, कारकुनानं शिक्का मारला आणि त्या वेळी एक माणूस मेला. त्याला कळलंही नाही! मी नंतर चहा प्यायले. मला आठवतंय, चहात आलं होतं.

जिंकल्यावर मला नेहमी भूक लागते. आज नाही लागली. स्टेशनवर बाकावर बसून दोन गाड्या जाऊ दिल्या. रूळ उन्हात वितळल्यासारखे दिसत होते. प्रत्येक गाडीतून कुणीतरी उतरत होतं आणि मी उगाच उजवी भुवई बघत होते.


२४ सप्टेंबर

मोहिनी दाखल्याच्या कामासाठी आली होती. गळा मोकळा. बरी दिसत होती, हलकी.

म्हणाली, भटजींना विचारलं, माणूस सापडला नाही तर दर्भाची आकृती करून विधी करतात. तापीवर जाऊ म्हटलं. तर आई एवढ्यालाच नाही म्हणाल्या. बाकी सगळं चालेल — लग्न चालेल, हितेंद्र चालेल. पण पिंड नको, फोटोला हार नको. "माय जित्ती शे तवलोंग पोऱ्याना पिंड नको."

असू दे म्हटलं मी. कोर्टात जीभ वळली, तरी आईचा जीव आहे. तेवढा कोपरा त्यांचा राहू दे.


२३ नोव्हेंबर

मोहिनी-हितेंद्रचं लग्न! भुसावळला, छोट्याशा देवळात. मोजकी माणसं. गावाकडून कुणी नाही. कामिनीनं मला ओढत पुढं नेलं. ती नव्या चपलांत अवघडून चालत होती आणि खूश होती, मग एकदम गंभीर व्हायची, मग पुन्हा खूश.

कन्येच्या बाजूला कोण बसणार यावर भटजी अडले. कुंदाबाई उठल्या आणि जाऊन बसल्या. मुलाच्या आईनं सुनेचं कन्यादान केलं. मी असं बघितलं नव्हतं, पुन्हा बघेन असं वाटत नाही. रतिलालभाऊ आले होते, अक्षता टाकताना चष्मा पुसत होते. हरलेला वकील लग्नाला!

संध्याकाळी सगळे हितेंद्रच्या घरी गेले. कुंदाबाईंची ट्रंकही टेम्पोत. हितेंद्र म्हणाला, "मावशी आमच्याकडेच. त्यावर चर्चा नाही." दीपनगरचं घर सोडलं. टेम्पो वळला तेव्हा चिमण्यांची वाफ उजळ दिसत होती, सूर्य तिच्या मागे होता. कुंदाबाईंनी एकदाच मागं वळून बघितलं.

घरी येऊन मी कोट न काढताच आरामखुर्चीत बसले. सनईचा आवाज कानात अजून. वाटलं, एवढ्यासाठी तर आपण या धंद्यात पडलो. एवढ्या वर्षांत असं एखाद-दुसऱ्या वेळी होतं. पुरतं.


१९ डिसेंबर

दुपारी दारात कुंदाबाई. एकट्या. भुसावळहून बसनं आलेल्या, हातात केळी. बसल्या, पाणी प्यायल्या, दार लोटून घ्यायला सांगितलं.

"वकीलबाई, कायदामा मरेल मानूस परत उना तं? मोहिनीनं लगीन मोडी का?"

मी नेहमीसारखं सांगितलं — निकाल आहे, पण माणूसच समोर उभा राहिला तर प्रश्न निर्माण होऊ शकतो. पुन्हा कोर्ट, पुन्हा तारखा. तिला फार त्रास होईल.

त्यांनी मान हलवली. केळी टेबलावर ठेवली. उठल्या.

"इचारं ते बरं व्हयनं. आज सुरतले फोन करसू. सांगसू मना आंडोरले — आते येवू नको."